मिठूला सोडून देऊ नका, सोपवा

पत्र थोडक्यात असं आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीच्या घरी अकरा वर्षांपासून पोपट आहे. सासूबाईंनी तो जत्रेतून पिल्लू असताना आणला आणि हाताने भरवून वाढवला. तीन वर्षांपूर्वी वास्तुशांतीला दिरांनी पाठीवर चांदण्या असलेली दोन कासवं भेट दिली, ‘घरात लक्ष्मी टिकते’ म्हणून. मध्यंतरी पार्किंगवरून शेजाऱ्यांशी भांडण झालं. ‘तुमच्या पोपटाची तक्रार करतो’ असं ते म्हणाले आणि हे प्राणी पाळणं गुन्हा आहे हे घरात पहिल्यांदाच कळलं. पती म्हणतात, पोपट अजिंक्यताऱ्यावर सोडू, कासवं देवळाच्या तळ्यात सोडू, विषय संपला. दीर म्हणतात, सगळेच पाळतात, काही होत नाही. सासूबाई जेवत नाहीत. भगिनी विचारतात: गुपचूप सोडून दिलं तर चालेल का? वनविभागाला सांगितलं तर तुरुंगात जावं लागेल का? आणि शेवटच्या ओळीत सासूबाईंचा प्रश्न: तिथे त्याला मिरची देतील का?

ताई,

तुमच्या पत्रात कायद्याची भीती आहे आणि एका जिवाची काळजीही आहे. दोन्हींचं उत्तर देते. पण आधी तुमच्या पतींना एवढं सांगा: या आठवड्यात कुणीही कुठेही काहीही सोडायचं नाही.

कासवांपासून सुरुवात करते, कारण तिथे चूक झाली तर ती काही मिनिटांत जिवावर बेतेल. पाठीवर चांदण्या असलेलं तुमचं कासव म्हणजे स्टार कासव, आणि ते जमिनीवरचं कासव आहे. त्याचे पाय हत्तीच्या पायांसारखे खांबाच्या आकाराचे असतात, बोटांमध्ये पडदे नसतात. त्याला पोहता येत नाही. देवळाच्या तळ्यात किंवा विहिरीत सोडलेलं स्टार कासव बुडून मरतं, आणि सोडणारे पुण्य लागलं असं समजून घरी येतात. कासव म्हणजे पाण्यातलं, हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे की अनेक चांगली माणसं हीच चूक करतात.

तळ्याऐवजी डोंगरावर सोडलं तरी काम भागत नाही. ही कासवं मुळात गुजरात-राजस्थानच्या कोरड्या पट्ट्यातली, आंध्र, कर्नाटक आणि तामिळनाडूच्या काही भागांतली, शिवाय पाकिस्तान आणि श्रीलंकेतली. साताऱ्याचा पावसाळा त्यांच्यासाठी नाही. सततच्या ओलीत त्यांना श्वसनाचा संसर्ग होतो. नाकातून बुडबुडे येतात, तोंड उघडं राहतं, खाणं थांबतं. शिवाय घरात माणसांच्या सहवासात वाढलेलं कासव रोग घेऊन गेलं तर तो तिथल्या इतर कासवांना लागतो.

आता मिठू. अकरा वर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याचे उडण्याचे स्नायू बारीक झालेले असतात. पिसं कापली असतील तर नवी पिसं पुढच्या पिसगळीत येतात, म्हणजे त्यात बरेच महिने जातात. पण पिसं पूर्ण असली तरी त्याला थवा नाही, ढोली शोधता येत नाही, कोणत्या झाडाला कधी काय लागतं ते माहीत नाही, आणि माणसाला किंवा मांजराला घाबरायचं असतं हेही माहीत नाही. अजिंक्यताऱ्यावर सोडलेला मिठू बहुधा पहिल्या माणसाच्या खांद्यावर जाऊन बसेल, नाहीतर कावळ्यांच्या तावडीत सापडेल. पिंजऱ्याचं दार उघडलं की पक्षी मोकळा होतो, असं आपल्याला मनापासून वाटतं. पण माणसाच्या हातावर वाढलेल्या पक्ष्याला मोकळं होण्याआधी शिकावं लागतं, आणि ते शिकवायला जागा आणि माणसं लागतात.

कायद्याचं बोलू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२चा आहे. २०२२मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३पासून ती लागू आहे. पूर्वी त्यात सहा अनुसूची, म्हणजे प्रजातींच्या याद्या, होत्या, आता चार आहेत. इथे एक घोळ होतो तो लक्षात ठेवा. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांमध्ये पोपट आणि स्टार कासव ‘अनुसूची ४’मध्ये दिसतील. ती जुनी अनुसूची. आजची अनुसूची ४ वेगळी आहे, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातल्या प्रजातींची. आज आपला साधा हिरवा पोपट, ज्याच्या नराच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी असते तो, अनुसूची २मध्ये आहे. स्टार कासव अनुसूची १मध्ये आहे, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय करारानेही स्टार कासव सर्वांत कडक संरक्षणाच्या परिशिष्टात घातलं, कारण पाळण्यासाठी त्याची तस्करी प्रचंड होत होती.

शिक्षेतला फरक मोठा आहे. अनुसूची १मधल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किमान ३ वर्षं आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड. अनुसूची २च्या बाबतीत कमाल ३ वर्षं कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोपटाच्या प्रकरणात अधिकृत अधिकाऱ्याला कलम ५४खाली रक्कम भरून घेऊन प्रकरण मिटवता येतं. ज्या गुन्ह्याला किमान कैद ठरवलेली आहे त्यात ही वाट बंद आहे, म्हणून कासवांसाठी ती नाही. तुमच्या घरात सगळी चर्चा मिठूवर चालली आहे, पण कायद्याच्या दृष्टीने जड बाजू ही कोपऱ्यातल्या दोन कासवांची आहे.

दिरांचं म्हणणं ‘सगळेच पाळतात’. पाळतात हे खरं आहे. पण भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१पासून बंदी आहे. म्हणजे मिठू जत्रेत विकला गेला तेव्हाही ती विक्री बेकायदाच होती. ‘पिंजऱ्यातच जन्मलेला आहे’, ‘आम्ही विकत घेतलाय’, ‘माहीत नव्हतं’ यांतलं काहीही त्याला कायदेशीर करत नाही. कलम ३९नुसार असा प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो, आणि ताब्यात आल्यापासून ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणं अपेक्षित असतं. कलम ५७नुसार प्राणी तुमच्या ताब्यात सापडला तर तो बेकायदा आहे असं धरलं जातं, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

हे वाचून छातीत धस्स झालं असेल. म्हणूनच ‘सांगितलं तर अडकू’ या तुमच्या गृहीताकडे जरा वेगळ्या बाजूने पाहा. न सांगता ठेवलं तर तक्रार झाल्यावर झडती, जप्ती आणि गुन्हा हा क्रम सुरू होतो, तुमची बाजू मांडायची वेळ नंतर येते. गुपचूप सोडलं तर पुरावा नाहीसा केल्याचा संशय उरतो आणि प्राणीही मरतात. स्वतः लेखी कळवून सोपवलं तर तुमचा हेतू कागदावर पहिल्या दिवसापासून दिसतो. स्पष्ट सांगते, स्वतःहून दिल्यावर कारवाई होणारच नाही असं लेखी वचन कायद्यात नाही. २०२२च्या दुरुस्तीत स्वेच्छेने प्राणी परत करण्याचं कलम ४२क आलं आहे, आणि बरेच लोक त्याला माफीची योजना समजतात. पण ते ज्यांच्याकडे मालकीचं प्रमाणपत्र आहे त्यांच्यासाठी आहे. तुमच्याकडे ते नाही. तरीही तीन वाटांमध्ये लेखी सोपवण्याची वाटच सर्वांत सुरक्षित आहे, तुमच्यासाठी आणि त्या तिघांसाठीही.

आधी वकिलाला भेटा. कासवं अनुसूची १मध्ये असल्यामुळे हे वगळू नका. खर्चाची काळजी असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७च्या कलम १२नुसार स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. अर्ज तुमच्या किंवा सासूबाईंच्या नावाने करा. हे दोन-तीन दिवसांत उरकण्यासारखं आहे, सल्ल्याच्या नावाखाली महिना घालवू नका.

मग अर्ज. तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावे लिहा, सगळीकडे ज्यांना आरएफओ म्हणतात ते, आणि प्रत उपवनसंरक्षकांना. अर्जात हे असू द्या: नाव-पत्ता, कोणते प्राणी, किती, कधी आणि कसे घरात आले, आज त्यांची तब्येत कशी आहे, आणि ‘हे प्राणी आम्ही स्वेच्छेने वनविभागाच्या ताब्यात देत आहोत’ हे स्पष्ट वाक्य. तिघांचे ताजे फोटो जोडा. दोन प्रती करा आणि एका प्रतीवर तारीख, सही, शिक्का घेऊन पोच स्वतःकडे ठेवा. हा कागद तुमचं कवच आहे, फोनवरच्या बोलण्याला ती किंमत नाही.

‘कासवं बागेत सापडली’ असं लिहायला कुणी सुचवेल. लिहू नका. पाठीवरचा उंचवटा आणि वाढीची वलयं पाहून ते किती दिवस घरात वाढलं याचा अंदाज जाणकारांना येतो, आणि सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती दिल्याचा वेगळा प्रश्न उभा राहतो. दिरांनी कासवं कुठून आणली हे लिहिताना घरात तणाव होईल, तेही मला दिसतं आहे. पण विक्रेत्याची माहिती वनविभागाला खरोखर उपयोगी असते. दिरांना वकिलाकडे सोबत न्या, त्यांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

प्राणी स्वतः गाडीत घालून निघू नका. वन्यप्राण्यांच्या वाहतुकीवरही कायद्यात बंधनं आहेत. महाराष्ट्र वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या १९२६ क्रमांकावर फोन करा, किंवा अर्ज देतानाच विचारा की तुम्ही न्यायला येता की आम्ही आणू. आणायला सांगितलं तर कुणी सांगितलं, कधी, ते लिहून ठेवा. जिल्ह्यात मानद वन्यजीव रक्षक असतात, त्यांची मदत मागा. प्राणिसंग्रहालयाच्या फाटकाशी खोकं ठेवून पळणं हा उपाय नाही. तिथे वनविभागाच्या पत्राशिवाय सहसा प्राणी घेत नाहीत, आणि रात्रभर खोक्यात राहिलेलं जनावर सकाळी जिवंत असेलच असं नाही. ओळखीच्यांना ‘सांभाळायला’ देणं किंवा समाजमाध्यमांवर दत्तक देण्याची जाहिरात टाकणं तर मुळीच नको, कारण तोही नवा गुन्हा होतो.

पंचनामा होईल, जबाब घेतील. वाचल्याशिवाय सही करू नका, प्रत मागा. गुन्हा नोंदला गेला तर प्राणी मुद्देमाल ठरतात आणि त्यांना निसर्गात सोडण्याआधी न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे ‘दिले आणि दुसऱ्या दिवशी सोडले’ असं होणार नाही. शेजाऱ्यांनी किंवा आणखी कुणी ‘प्रकरण दाबतो’ म्हणून पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. पोच हातात असली की त्या धमकीत दम राहत नाही.

तोपर्यंतचे चार-आठ दिवस तिघांना नीट ठेवायला हवं. मिठूला दूधभात किंवा दुधात भिजवलेली पोळी देत असाल तर थांबवा. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवरही ठेवू नका. त्यात चरबी फार आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही, यकृत सुजतं आणि श्वासाचे आजार लागतात. पेरू, गाजराचा कीस, मोड आलेले मूग, ज्वारीचं किंवा बाजरीचं कणीस, पालेभाजी, हे चालतं. मिरचीही चालते, पक्ष्यांना ती तिखट लागत नाही. चॉकलेट आणि अॅव्होकाडो त्याच्यासाठी विष आहे.

कासवांना भात, पोळी, बिस्कीट, कुत्र्याचं खाणं यांतलं काही देऊ नका. नुसती काकडी आणि टोमॅटोही पुरत नाही. दूर्वा आणि इतर गवत, जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला द्या. रोज सकाळचं कोवळं ऊन मिळू द्या, पण पळून सावलीत जायला जागा हवी. उन्हाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही आणि पाठ मऊ पडते. एकदा कोमट पाण्याच्या परातीत पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकंच, आणि तिथून हलू नका. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. घरात लहान मूल असेल तर हे विशेष पाळा.

नेण्याच्या दिवशी मिठूला त्याच्याच पिंजऱ्यात ठेवा. झोका आणि पाण्याची वाटी काढा, दांडी खाली लावा, वर पातळ सुती कापड टाका. कासवांना वेगवेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, तळाशी जुना टॉवेल, बाजूंना भोकं. डिकीत ठेवायचं नाही. वेळ सकाळची निवडा.

इतर वाचकांपैकी बरेच जण आता आपल्या घरातला पक्षी निरखत असतील. आपल्याकडे ज्यांना सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात ती छोटी रंगीत बजरीगर आणि तुरेवाली कॉकाटील हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियातले. या कायद्याच्या बंदीत ते येत नाहीत. आफ्रिकन ग्रेसारखा परदेशी पोपट अनुसूची ४मध्ये येतो, त्याची नोंदणी परिवेश या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते, त्याचे नियम फेब्रुवारी २०२४मध्ये आले. पण भारतीय पोपटाला किंवा स्टार कासवाला तिथे नोंदवून कायदेशीर करता येत नाही. ‘हा निळा आहे, हा पिवळा आहे, हा परदेशी’ असं विक्रेते सांगतात. रंग बदलला म्हणून प्रजाती बदलत नाही. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट आणि जांभळट लाल डोक्याचा तोईवाला पोपट हेही आपलेच, आणि संरक्षितच. कासव चपटं, हिरवं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं असेल तर ते अमेरिकेतून आलेलं लाल कानाचं कासव. त्याला पाळण्यावर या कायद्याची अशी बंदी नाही, पण ते नदी-तळ्यात सोडणं घोर नुकसानीचं आहे, ते देशी कासवांची जागा आणि अन्न बळकावतं. त्यालाही सांभाळायचं, नाहीतर वन्यजीव संस्थांना विचारून द्यायचं.

तुमच्या दिरांच्या श्रद्धेची मला थट्टा करायची नाही. आपल्या कितीतरी देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं आणि त्याला हात लावूनच आपण पुढे जातो. घरात कासव हवं असेल तर पितळेचं आणा. जिवंत कासव काचेच्या पेटीत ठेवायला कोणत्याही परंपरेने सांगितलेलं नाही.

आता सासूबाई. त्यांनी मिठूवर माया केली नाही असं कुणी म्हणू नये. त्यांच्या मायेचा आणि कायद्याचा इथे झगडा नाही. कायद्याचा रोख त्याआधीच्या टप्प्यावर आहे: झाडाच्या ढोलीतून पिल्लं ओढून काढणारा, त्यांना पिशवीत कोंबून जत्रेत आणणारा आणि वाटेत मेलेली फेकून देणारा जो धंदा आहे, तो गिऱ्हाईक असेपर्यंत चालतो. हे त्यांना आरोपाच्या सुरात सांगू नका. मिठूलाही आई होती, एवढं सांगितलं तरी त्यांना पुरेल.

त्यांच्यापासून लपवून, त्या देवळात गेल्या असताना पिंजरा उचलून नेणं हे मात्र करू नका. त्या रिकाम्या घरात परत आल्यावरचा धक्का त्यांना झेपणार नाही. दिवस ठरवा, त्यांना सांगा, त्यांची इच्छा असेल तर सोबत न्या. मिठूला वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात आधी तपासतील, काही दिवस वेगळा ठेवतील, मग मोठ्या जाळीत इतर पोपटांसोबत उडायला शिकू देतील. जमलं तर तो मोकळा होईल. अकरा वर्षांनंतर जमलंच असं नाही, तेव्हा तो तिथेच थव्यात राहील. भेटायला जाता येईल का, असं त्या विचारतील. बहुतेक वेळा नाही म्हणतात, कारण ओळखीचा आवाज आला की शिकलेलं मागे पडतं. पण पोचेवरचा क्रमांक सांगून तब्येतीची चौकशी जरूर करा.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यांच्याच हातात आहे. अर्जासोबत मिठूच्या सवयींचा एक कागद जोडा: काय खातो, काय खात नाही, कधी झोपतो, कशाला घाबरतो, कधी आजारी पडला होता. उपचार करणाऱ्यांना त्याचा फार उपयोग होतो, नवीन जागी पहिले दोन-तीन दिवस पक्षी अन्नाला तोंड लावत नाही तेव्हा तर नक्कीच. हा कागद सासूबाईंनाच लिहायला सांगा. मिरची कोणती आवडते, ओली की सुकी, आणि देठासकट की देठ काढून, तेही त्यात येऊ द्या.